मागच्या स्प्रिंगा आणि शॉकअप: उतरवून तपासणी कशी करावी?

घाटमाथा (धागाकर्ता)

गाडीची मागची बाजू बसली, भरलेली गाडी खड्ड्यात आपटू लागली किंवा घाटातल्या वळणावर मागून हेलकावे जाणवू लागले, की बहुतेक ठिकाणी एकच निदान ऐकू येते: ‘शॉकअप गेले, जोडी बदलून टाका.’ हे निदान पुष्कळदा अपुरे असते आणि काही वेळा साफ चुकीचे असते. गाडीचे वजन पेलण्याचे काम स्प्रिंगचे असते, तर दबलेली स्प्रिंग सुटल्यावर होणारी वरखाली हालचाल आवरण्याचे काम शॉकअपचे असते. त्यामुळे बसलेली गाडी शॉकअप बदलून उठत नाही, आणि हेलकावे खाणारी गाडी नव्या स्प्रिंगांनी स्थिर होत नाही. दोन्ही भाग उतरवून, स्वच्छ करून, हातात घेऊन पाहिल्याशिवाय कोणता बदलायचा हे ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे. ते काम नीट कसे करावे, हे या धाग्यात सविस्तर मांडतो.

येथे मी ज्या गाड्यांबद्दल लिहितो आहे, त्या टॉर्शन बीम असलेल्या, पुढच्या चाकांच्या ओढीच्या (फ्रंट-व्हील-ड्राइव्ह) गाड्या होत. स्विफ्ट, आय-२०, पोलो यांसारख्या बऱ्याच हॅचबॅक गाड्यांना मागे अशीच रचना असते. दोन्ही बाजूंचे लोखंडी हात एका आडव्या बीमने जोडलेले असतात, स्प्रिंग त्या हातावरच्या वाटीत बसते आणि शॉकअप तिच्यापासून वेगळा, थोडा मागे असतो. पुढच्या चाकांना जसा स्प्रिंगच्या आतच शॉकअप असतो, तसे येथे नसते. म्हणूनच मागची स्प्रिंग काढण्यासाठी सहसा ती दाबून धरणारे शिकंजे लागत नाहीत. बीम पुरेसा खाली आला की स्प्रिंगवरचा ताण संपतो आणि ती हाताने निघते.

पाना हातात घेण्यापूर्वी गाडी सपाट जमिनीवर उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजून लिहून ठेवावी. डिकी रिकामी असावी आणि टायरमधली हवा योग्य असावी. डावी आणि उजवी बाजू यांच्या मापांत ठळक फरक असेल, तर एक स्प्रिंग थकलेली किंवा तुटलेली असण्याचा संशय तेथेच बळावतो. शिवाय काम झाल्यावर स्प्रिंग आपल्या जागी नीट बसली की नाही, हे पडताळण्यासाठी हाच आकडा उपयोगी पडतो. मागचे टायरही याच वेळी हाताने चाचपावेत. टायरच्या परिघावर ठराविक अंतराने उंचवटे आणि खोलगट भाग लागत असतील, तर शॉकअप चाकाला रस्त्यावर टेकवून ठेवत नसल्याची शक्यता मोठी असते.

गाडी उचलताना एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो आणि आपण तीच चाके हवेत उचलणार असतो, त्यामुळे येथे हँडब्रेकचा आधार शून्य असतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावावेत. हँडब्रेक उलट सोडूनच ठेवावा, कारण बीम खाली येताना त्याची केबल ताणली जाते. गाडीसोबत मिळणारा कात्रीसारखा जॅक रस्त्यावर चाक बदलण्यासाठी असतो, गाडीखाली हात घालून करायच्या कामासाठी नव्हे. ट्रॉली जॅकने गाडी उचलून तिचे वजन कंपनीने पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक स्टँडवर उतरवावे, गाडी बाजूने थोडी हलवून पाहावी आणि काढलेली चाके दोन्ही उंबऱ्यांखाली, म्हणजे दारांखालच्या कडांखाली, आडवी सरकवून ठेवावीत. स्टँड घसरलाच तर गाडी त्या चाकांवर अडेल.

आता मुख्य भाग. स्प्रिंगच्या दाबाने बीम खाली ढकलला जात असतो आणि चाक हवेत असताना त्याला खाली जाण्यापासून रोखून धरणारी वस्तू म्हणजे शॉकअपच. त्याचा खालचा बोल्ट आधाराविना सोडला, तर बीम झटक्याने खाली येतो, स्प्रिंग उडू शकते आणि ब्रेकच्या रबरी होजला हिसका बसतो. म्हणून बोल्टला पाना लावण्यापूर्वी त्या बाजूच्या लोखंडी हाताखाली, स्प्रिंगच्या वाटीजवळ, जॅक लावून तो थोडा वर दाबून घ्यावा. जॅक आडव्या बीमच्या मधोमध लावू नये. तो भाग पिळला जाण्यासाठीच विशिष्ट आकारात दुमडलेला असतो आणि एका बिंदूवर वजन आल्यास त्याला पोचा पडू शकतो.

जॅक योग्य उंचीवर असेल, तर बोल्टवर ताण राहत नाही आणि नट काढल्यावर बोल्ट जवळजवळ हातानेच सरकतो. तो अडकत असेल तर हातोडी उचलण्याआधी जॅक किंचित वर किंवा खाली करून पाहावा. जोर लावण्याची गरज बहुतेक वेळा उंची चुकल्यामुळेच पडते. दोन्ही बाजूंचे खालचे बोल्ट निघाल्यावर ब्रेक होज आणि एबीएसची (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर त्यांच्या क्लिपांतून मोकळी करावी, आणि दोन्हीकडचे जॅक आळीपाळीने, थोडेथोडे उतरवत न्यावे. होज ताणली जात नाही ना, याकडे एका माणसाने सतत लक्ष ठेवावे. हे काम एकट्याने करण्याचे नाहीच.

शॉकअपचे वरचे टोक काही गाड्यांत चाकाच्या कमानीत दोन बोल्टांनी धरलेले असते, तर काहींत डिकीच्या आतल्या आवरणामागे एकच नट असतो. एकच नट असेल तर तो फिरवताना आतला दांडाही फिरू लागतो. अशा वेळी दांड्याच्या टोकाला दिलेल्या खाचेत पाना धरून नट सोडवावा. चकचकीत दांड्याला पकड लावणे हा शॉकअपचा शेवट समजावा, कारण त्या दातांचा एक ओरखडा पुढे प्रत्येक फेरीत तेलाचे सील कापत राहतो. याच कारणासाठी या नटावर हवेची गन चालवणेही मला पटत नाही. वॉशर आणि रबर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवावेत आणि मोबाइलवर फोटो काढून घ्यावा.

रत्नदुर्ग

अतिशय उपयुक्त लेखन, धन्यवाद. आमची गाडी रत्नागिरीत समुद्रापासून अगदी जवळ उभी असते आणि आंबा घाटातून कोल्हापूरला नेहमी जाणे-येणे असते. स्प्रिंग बाहेर काढल्यावर तिच्यात नेमके काय पाहायचे? वरवर पाहता ती काळीभोर आणि धडधाकट दिसते.

घाटमाथा

आपल्याकडची स्प्रिंग तर नक्कीच उतरवून पाहायला हवी. खारी हवा आणि पावसाळ्यात चाकामागे साचणारा जांभ्याचा लाल चिखल, ही जोडी स्प्रिंगच्या मुळावर येते. वरचे वेढे स्वच्छ दिसतात, पण बिघाड बहुधा सर्वांत खालच्या वेढ्यात, वाटीत टेकलेल्या भागात सुरू होतो. तेथे चिखल अडकतो, ओल टिकते आणि बारीक खडा स्प्रिंग व रबर यांच्यामध्ये घासत राहून तिच्यावरचे आवरण खरवडून काढतो. उघडे पडलेले पोलाद गंजते, गंजाचा लहानसा खड्डा पडतो आणि स्प्रिंग दर धक्क्याला पिळली जात असल्यामुळे त्याच खड्ड्यातून तडा पसरतो. गाडीवर बसवलेल्या स्थितीत हा भाग दिसतच नाही.

म्हणून स्प्रिंग काढल्यावर प्रथम साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने धुवावी. तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याने चांगले आवरणही निघते. ती वाळल्यावर उन्हात धरून, बोटाने चाचपत, टोकापासून टोकापर्यंत प्रत्येक वेढा फिरवून पाहावा. आवरण फुगून उठले असेल तर ते नखाने उकलावे. खाली नुसता तांबूस डाग असेल तर तेथे गंजरोधक रंग देता येतो. पण नखाला खड्डा लागत असेल किंवा तारेची जाडी कमी झालेली असेल, तर स्प्रिंग बदलणे हाच मार्ग आहे. तडा गेलेल्या किंवा तुटलेल्या स्प्रिंगला वेल्डिंग करणे कोणी सुचवले, तर ते अजिबात मान्य करू नये. स्प्रिंगच्या पोलादाला दिलेली उष्णतेची प्रक्रिया वेल्डिंगच्या आचेने त्या जागी नष्ट होते आणि ती पुन्हा तुटणार हे ठरलेले असते.

नंतर दोन्ही स्प्रिंगा सपाट फरशीवर शेजारी उभ्या करून मोकळी उंची मोजावी. दोहोंत फरक असेल तर कमी उंचीची स्प्रिंग थकली आहे. दोन्ही सारख्याच थकल्या असण्याचीही शक्यता असते, म्हणून पुस्तिकेतील मापाशी किंवा त्याच मॉडेलच्या नव्या स्प्रिंगशी तुलना करणे अधिक खात्रीचे ठरते. वेढ्यांवर रंगाचे पट्टे असतात, ते पुसू नयेत. एकाच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी गाड्यांना वेगवेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा असू शकतात आणि त्या पट्ट्यांवरूनच त्या ओळखल्या जातात.

वाटीतले रबर आणि वाटीच्या तळाचे छिद्रही पाहा. पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेले ते छिद्र मातीने बुजलेले असते आणि वाटीत गंजाचे पापुद्रे साठलेले असतात. छिद्र मोकळे करून वाटी धुतल्यावर स्क्रूड्रायव्हरने तिचा पत्रा टोचून पाहावा. पत्राच सडला असेल तर नवी स्प्रिंग घालून उपयोग नाही.

पानापकड

मी या व्यवसायात आहे. धागाकर्त्यांचे स्प्रिंगबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. शॉकअपच्या तपासणीबद्दल थोडी भर घालतो, कारण येथे चांगले शॉकअप विनाकारण फेकले जातात आणि गेलेले शॉकअप पुसून परत बसवले जातात, असे दोन्ही प्रकार मी पाहतो.

पहिली गोष्ट तेलाची. दांडा आतबाहेर होताना तेलाचा अतिशय पातळ थर सोबत आणतोच, त्यामुळे नळीच्या वरच्या भागावर धूळ चिकटून मळकट ओलसरपणा दिसणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून शॉकअप बाद करू नये. तेल ओघळून नळीच्या खालच्या अर्ध्या भागापर्यंत आले असेल, पुसल्यावर काही दिवसांत पुन्हा ओघळत असेल, तर सील गेले आहे असे समजावे. पावसात धुतल्या गेलेल्या शॉकअपवर हा पुरावा राहत नाही, म्हणून कोरडा दिसणारा प्रत्येक शॉकअप चांगला असतो असेही नाही.

दुसरी गोष्ट हाताच्या परीक्षेची. काढलेला शॉकअप आडवा पडून असेल, तर दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये हवा तेलाच्या कप्प्यात शिरते आणि चांगला शॉकअपही सुरुवातीला पोकळ लागतो. म्हणून तो उभा, ज्या दिशेने गाडीवर बसतो त्याच दिशेने, शिकंज्यात खालच्या डोळ्याला, म्हणजे बोल्ट जातो त्या कड्याला, धरावा आणि दांडा पूर्ण वर-खाली काही वेळा चालवून हवा काढून टाकावी. त्यानंतर एकाच गतीने दांडा वर ओढत राहावे. विरोध पहिल्या इंचापासून शेवटपर्यंत सारखा लागला पाहिजे. दिशा बदलताना हाताला क्षणभर काहीच न लागता दांडा मोकळा सरकला आणि मग एकदम अडल्यासारखा वाटला, तर आत तेल कमी आहे किंवा व्हॉल्व्ह झिजला आहे. ओढताना दाबण्यापेक्षा जास्त जोर लागणे हे मात्र दोष नव्हे. मागच्या स्प्रिंगची उसळी आवरण्यासाठी बहुतेक शॉकअप तसेच बनवलेले असतात.

नायट्रोजन भरलेला शॉकअप दाबून सोडल्यावर दांडा आपोआप हळूहळू बाहेर येतो. तो खालीच राहिला तर वायू गेला आहे. साध्या तेलाच्या शॉकअपमध्ये तो तसाच राहतो, त्यामुळे आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे आधी माहीत असावे. वायूचा शॉकअप कापू नये, भोसकू नये आणि त्यावर गॅसची ज्योत चालवू नये, ही सूचना मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी देतो. गंजलेला बोल्ट निघत नाही म्हणून खालच्या डोळ्याला ज्योत लावणारे लोक मी पाहिले आहेत. बोल्टवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवावे, सकाळी पुन्हा मारावे आणि पाना आधी थोडा आवळण्याच्या दिशेने हलवून मग सोडवण्याच्या दिशेने न्यावा. एवढ्याने बहुतेक बोल्ट निघतात.

नीलपंखी

एक शंका आहे. आमच्या गाडीत सीएनजीची टाकी नंतर बसवून घेतली आहे. मागची बाजू कायम दबलेली दिसते म्हणून स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये अडकवायचे रबरी ठोकळे बसवण्याचा सल्ला मिळाला आणि ते बसवलेही. गाडी उंच झाली, पण मोकळी असताना फार दणके बसतात. हे ठोकळे ठेवावेत की काढावेत?

घाटमाथा

ताई, ते काढून एकदा त्याखालचे वेढे जरूर तपासा. त्या रबराच्या खाचेत चिखल आणि ओल अडकून राहते आणि तेथे आवरण घासले जाते, म्हणजे खालच्या वाटीत जे घडते तेच तुम्ही स्प्रिंगच्या मधोमध घडवून आणता. दुसरे असे, की ठोकळा ज्या दोन वेढ्यांमध्ये बसतो ते वेढे मोकळेपणाने काम करत नाहीत, त्यामुळे उरलेल्या वेढ्यांना अधिक पिळावे लागते आणि गाडी कडक होते. टाकीचे वजन रोजचेच असल्यामुळे तुमच्या मॉडेलच्या कंपनीच्या सीएनजी आवृत्तीसाठी वेगळी मागची स्प्रिंग मिळत असेल, तर तिची जोडी बसवणे मला अधिक योग्य वाटते.

बंप स्टॉपही पाहून घ्या. मागची बाजू सतत दबलेली राहिली, की तो फोमसारखा ठोकळा दर खड्ड्याला चेपला जातो, त्याला भेगा पडतात आणि शेवटी तुकडे होऊन गळून पडतो. तो नसला की शॉकअपचा पिस्टन तळाशी आपटू शकतो. नवा शॉकअप घालताना जुना भुगा झालेला बंप स्टॉप आणि फाटलेला बूट (दांड्याला धुळीपासून वाचवणारे आवरण) तसाच चढवणे, ही मला या कामातली सर्वांत अनाठायी काटकसर वाटते. बूट फाटला की धूळ दांड्यावर बसते आणि तेथून सीलपर्यंत जाते.

पानापकड

सहमत. जोडीने बदलण्याबद्दलही सांगतो. एका बाजूचाच शॉकअप गळत असला तरी एकाच एक्सलवरचे दोन्ही बदलावेत, स्प्रिंगांनाही हाच नियम लावावा. एका बाजूचा विरोध जास्त आणि दुसरीचा कमी असेल, तर ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावताना किंवा वळणावर गाडी एका बाजूने वेगळी वागते.

रत्नदुर्ग

पुन्हा जोडताना काय काळजी घ्यावी? एका ठिकाणी माझ्यादेखत गाडी स्टँडवर असतानाच सगळे बोल्ट गच्च आवळून टाकले होते.

घाटमाथा

तेच करू नये. शॉकअपच्या खालच्या डोळ्यातला रबरी बुश बाहेरच्या कड्याला आणि आतल्या लोखंडी नळीला चिकटलेला असतो. बोल्ट आवळला की आतली नळी घट्ट धरली जाते आणि त्यापुढे चाकाची वरखाली हालचाल त्या रबराच्या पिळातून होते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबराची मूळ स्थिती तीच ठरते. गाडी जमिनीवर आली की ते रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून बोल्ट आधी हाताने घट्ट करून ठेवावेत, बीमखालच्या जॅकने चाक नेहमीच्या उंचीवर आणावे किंवा गाडी चाकांवर उतरवावी आणि मगच टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतके आवळावेत. सुरुवातीला घेतलेले चाकाच्या मध्यापासूनचे माप येथे पुन्हा कामी येते.

स्प्रिंग चढवताना तिची वरची आणि खालची बाजू ओळखावी. वेढ्याचे टोक वाटीतल्या किंवा रबरातल्या खाचेला टेकलेच पाहिजे. ते टोक खाचेवर चढून बसले, तर गाडी त्या बाजूने उंच दिसते आणि काही अंतर गेल्यावर ‘टण’ असा आवाज करून स्प्रिंग जागेवर घसरते. जॅक वर नेताना एका हाताने स्प्रिंग धरून दुसऱ्याने हळूहळू दाब द्यावा, आणि स्प्रिंगवर ताण येऊ लागताच हात बाहेर काढावा. त्यापूर्वी दोन्ही टोके टॉर्चच्या उजेडात पाहून घ्यावीत. ब्रेक होज पिळली गेली नाही ना, एबीएसची वायर तिच्या सर्व क्लिपांत परत बसली ना, हेही याच वेळी तपासावे.

सुपेकर_पिकअप

आमच्या बोलेरोला मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत. तिच्यासाठी हीच पद्धत लागू होते का?

पानापकड

शॉकअपची तपासणी तीच, पण उतरवण्याची पद्धत वेगळी. पाट्यांच्या गाडीत एक्सलला धरून ठेवणारे पाटेच असतात, त्यामुळे शॉकअप काढल्याने एक्सल निसटत नाही आणि शॉकअप बदलणे तुलनेने सोपे असते. पाटे काढायचे असतील तर मात्र एक्सलला स्वतंत्र आधार देऊन, पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सोडावे लागतात. पाट्यांत मेन पाट्याच्या डोळ्याजवळचा तडा, मधल्या बोल्टची झीज आणि शॅकलचे (पाट्याचे टोक गाडीला टांगणाऱ्या दुव्याचे) बुश या तीन जागा पाहाव्यात. मधला बोल्ट तुटला तर एक्सल एका बाजूने पुढे किंवा मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. यू-बोल्ट एकदा काढले की नवेच घालावेत, आणि गाडी भरून थोडी चालवल्यावर पुन्हा आवळावेत. पाट्यांवर सविस्तर लिहायला वेगळा धागा हवा.

नीलपंखी

ठोकळे काढले. खालच्या बाजूच्या दोन वेढ्यांवर आवरण पूर्ण गेले होते, एका जागी नखाला खड्डा लागला. जोडी मागवली आहे. बसवल्यानंतर व्हील अलाइनमेंट करावी लागेल का?

घाटमाथा

बीमचे पुढचे दोन बोल्ट, म्हणजे तो गाडीला जेथे टांगलेला असतो तेथले, सोडले नसतील तर मागच्या चाकांच्या कोनात सहसा फरक पडत नाही आणि अशा बहुतेक गाड्यांत तो कोन बदलण्याची सोयही नसते. हेडलाइटचा झोत मात्र भिंतीवर पाडून तपासा, कारण मागची बाजू उचलली गेली की झोत खाली येतो आणि पूर्वी कोणी तो दबलेल्या गाडीला जुळवून खाली केला असेल, तर आता रस्ता अपुरा दिसेल. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर शॉकअपचे खालचे बोल्ट टॉर्क रेंचने एकदा तपासून घ्या आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी पुन्हा मोजून येथे लिहा.

नीलपंखी

बसवून झाले. गाडी रिकामी असताना दोन्ही बाजूंची उंची सारखी आली आहे, दणके बंद झाले आहेत आणि टाकी भरल्यावरही मागची बाजू आधीसारखी दबत नाही. हेडलाइटचा झोत खरोखरच खाली आला होता, तो जुळवून घेतला. बोल्ट तपासून झाल्यावर पुन्हा कळवते.